तर्खडकरांच्या पाठमालेपासून नागसेनवनापर्यंत

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

पाणचक्की मागे टाकून विद्यापीठाच्या रस्त्याला लागले की नागसेनवनाचा परिसर सुरू होतो. दरवर्षी जून महिना उजाडला की जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडच्या खेड्यांतून आलेली मुले-मुली हातात गुणपत्रिका घेऊन या रस्त्यावर दिसतात. त्यांतील बहुतेकांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले असते. इंग्रजी वाचता येते, थोडेफार समजतेही. पण कोऱ्या कागदावर स्वतःचा विचार इंग्रजीत सलग दोन पाने मांडायचा प्रसंग आला की लेखणी अडते. महाविद्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याची ही अडचण आजची नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी ती याहून बिकट होती, आणि ज्या माणसाने ती ओळखून या माळावर महाविद्यालय उभे केले, तो स्वतः लहानपणी त्याच अडचणीतून गेलेला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेताच राज्यघटना, महाडचा सत्याग्रह, धम्मदीक्षा यांचे स्मरण होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी बोलताना त्यांच्या पदव्यांची यादी सांगण्याचा प्रघात आहे. तथापि या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. बाबासाहेबांचे बहुतेक सर्व मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि इंग्रजी ही त्यांच्या घरची भाषा नव्हती. ती त्यांनी शिकून, घोटून, पुन्हा पुन्हा लिहून हस्तगत केली होती. तिला दैवी देणगी म्हटले की आपण सुटतो. तिच्यामागचे कष्ट पाहिले तर मात्र अनेक प्रश्न आपल्यापाशी येऊन थांबतात. बाबासाहेबांच्या आयुष्याचा हा धागा साताऱ्यात सुरू होतो आणि आपल्या शहरात येऊन पोचतो.

वडिलांची शाळा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी काम केले होते. ही बाब महत्त्वाची आहे. ज्या समाजाला गावातील शाळेच्या दारातही उभे केले जात नव्हते, त्या समाजातील एका घरात शिक्षक असलेला बाप होता. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

शाळेत मुलाला वर्गातील इतरांपासून वेगळे बसावे लागे. त्यामुळे खरी शाळा भरली ती घरात. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही त्या काळी इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाच्या दप्तरातील पुस्तके. सुभेदारांनी ती मुलाकडून अक्षरशः घोटून घेतली. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. इंग्रजी वाक्य घ्यायचे, त्याचे मराठी करायचे. शब्द चुकला तर नेमका शब्द सापडेपर्यंत पुढे सरकायचे नाही. एकाच अर्थाच्या भासणाऱ्या दोन शब्दांत फरक काय, कोणता कुठे शोभतो, हे वडील समोर बसवून समजावून देत.

तर्खडकरांच्या या पद्धतीला पुढे बरीच नावे ठेवली गेली. भाषांतराने भाषा येत नाही, त्या भाषेतच विचार करायला शिकले पाहिजे, असे नवे शिक्षणशास्त्र सांगू लागले. त्यात तथ्य आहेच. परंतु भाषांतर करताना वाक्याचे सांधे दिसतात, हेही तितकेच खरे. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. मराठीतला ‘ने’ किंवा ‘ला’ तिथे वेगळ्याच जागी, वेगळ्याच रूपात उभा राहतो. हे सांधे ज्याने लहानपणी हाताने उकलले आणि पुन्हा जोडले, त्याला पुढे लांब वाक्य लिहिताना भीती वाटत नाही. बाबासाहेबांच्या इंग्रजीत वाक्य कितीही लांबले तरी कर्ता हरवत नाही. त्याचे बीज या पाठमालेत शोधता येईल.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीतील एक खोली हाच संसार, तेच स्वयंपाकघर आणि तीच अभ्यासिका. सुभेदार मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून दिव्यापाशी बसवत; मग त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी विवाहित मुलींकडे जात, उसने मागत आणि वेळप्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत. पेन्शन हाती येताच तो सोडवून परत देत. एका इंग्रजी पुस्तकाची किंमत त्या घरात अशी मोजली जात होती.

७५० पैकी २८२

१९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी नोंदविलेले त्यांचे गुण आहेत ७५० पैकी २८२. आजच्या भाषेत सांगायचे तर चाळीस टक्क्यांहून कमी. नव्वद टक्के पाडूनही निराश होणाऱ्या आजच्या घरांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच त्या काळी मोठी घटना होती; म्हणून त्याचा सत्कार झाला. या समारंभात समाजसुधारक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकर गुरुजींची आणि या मुलाची ओळख चर्नी रोडच्या बागेत झाली होती. तिथे एका कोपऱ्यात बसून वाचणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला आणि पुढे ते त्याला पुस्तके देऊ लागले.

याच केळुसकरांच्या शब्दामुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पुढे सरकले. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा असूनही ती वाट बंद होती, म्हणून फारसी घ्यावी लागली होती. कॉलेजात प्रा. म्युलर यांच्यासारख्या शिक्षकाने त्यांना पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचे निधन झाले. ज्याने मुलाला वाक्य जोडायला शिकवले, त्याला मुलाचे एकही पुस्तक पाहायला मिळाले नाही.

न्यूयॉर्क, लंडन आणि परत आलेला प्रबंध

जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तेथे त्यांच्या लेखनाला दुसरे वळण लागले. शाळा-कॉलेजात इंग्रजी लिहायचे ते परीक्षेच्या पेपरात. इथे मात्र विद्यार्थ्याने स्वतः विषय घ्यायचा, ग्रंथालयात बसून पुरावे गोळा करायचे, वर्गापुढे निबंध वाचायचा आणि आलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. प्रा. सेलिग्मन, प्रा. जॉन ड्यूई यांच्यासारख्या अध्यापकांच्या वर्गात ही शिस्त अंगवळणी पडली. मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय २५ होते. पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापला गेला. विषयाची व्याख्या करायची, आधीच्या विद्वानांची मते मांडायची, ती कुठे अपुरी पडतात ते दाखवायचे आणि मग स्वतःचे म्हणणे पुढे ठेवायचे, ही त्यांच्या लेखनाची ठेवण या निबंधात प्रथम स्पष्ट दिसते.

न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. तेथून ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान महायुद्धात जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पै पै साठवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताच शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, असा दिनक्रम होता. जेवणाची आबाळ होती. रात्र पुन्हा वाचनात जाई.

याच काळातील एक प्रसंग लेखन शिकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला. ब्रिटिश चलन धोरणावरील त्यातील टीका परीक्षकांना रुचली नाही आणि मार्च १९२३ मध्ये प्रबंध फेरलेखनासाठी परत आला. हाती पैसा उरलेला नव्हता, त्यामुळे ते मुंबईला परतले. तिथे बसून त्यांनी प्रबंध नव्याने लिहून काढला. मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये तो पुन्हा पाठवला आणि वर्ष संपण्यापूर्वी तो मान्य होऊन डी.एस्सी. पदवी मिळाली. प्रा. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत त्यांनी लेखकाशी असलेले आपले मतभेदही नोंदविले, हे विशेष. फेरलेखन म्हणजे शरणागती नव्हे. आपलेच म्हणणे समोरच्याला टाळता येणार नाही अशा रीतीने पुन्हा मांडणे, हा धडा त्यांनी अशा किमतीत घेतला.

दोन भाषा, दोन वाचक

इंग्रजीवर एवढी हुकमत मिळवलेला हा माणूस मराठीला विसरला असता, तर आश्चर्य वाटले नसते. त्या पिढीतील अनेक पदवीधरांचे तसे झालेच. बाबासाहेबांचे तसे झाले नाही. दुसऱ्यांदा लंडनला जाण्याआधीच, ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले आणि ते मराठीत. ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्यातील अग्रलेखांची मराठी रोखठोक आहे. तिच्यात म्हणी आहेत, संतवचनांचे दाखले आहेत, प्रतिपक्षाला चिमटे आहेत.

कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचा त्यांचा हिशेब स्पष्ट होता. आपल्या माणसांना जागे करायचे तर त्यांच्या भाषेत. सत्तेपुढे, कायद्यापुढे आणि जगापुढे गाऱ्हाणे मांडायचे तर ज्या भाषेत निर्णय होतात त्या भाषेत. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढील साक्ष असो, १९३० पासूनच्या लंडनच्या गोलमेज परिषदा असोत, तिथे दुभाष्याची गरज पडली असती तर अस्पृश्यांचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून आणि दुसऱ्याच्या सोयीने मांडले गेले असते. शतकानुशतके इतरांनीच ज्यांच्यावतीने बोलावे अशा समाजासाठी नेमके इंग्रजी लिहिता येणे हा प्रतिष्ठेचा नव्हे, अस्तित्वाचा प्रश्न होता.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणाचा मसुदा वाचून मंडळाचे पदाधिकारी बिचकले आणि त्यांनी काही भाग गाळण्याची सूचना केली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने छापले. लंडनच्या परीक्षकांसाठी त्यांनी मांडणी बदलली होती. इथे मात्र आशयालाच हात लागत होता. कुठे बदलायचे आणि कुठे अडून बसायचे हे लेखकाला कळावे लागते.

दौलताबादचा हौद

आपल्या शहराशी बाबासाहेबांचा संबंध मिलिंद महाविद्यालयाच्या आधीचा आहे आणि तो सुखद नाही. १९३४ मध्ये कार्यकर्त्यांसह ते वेरूळची लेणी पाहण्यासाठी या भागात आले होते. सुमारे तीस जणांचा हा जथा दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोचला. उन्हातान्हातून आल्याने दरवाजापाशी असलेल्या भरलेल्या हौदावर काहींनी हात-तोंड धुतले. एवढ्यावरून पाणी बाटले म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कुठेही पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर, आणि सोबत सशस्त्र शिपाई देऊन. दोन विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळवलेल्या, गोलमेज परिषदेत बसून आलेल्या बॅरिस्टरची ही कथा.

हा प्रसंग त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोटेखानी आत्मकथनात लिहून ठेवला. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धातील हे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० मध्ये ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्यातील पहिला प्रसंग १९०१ मधला आहे. वडील नोकरीनिमित्त दूर होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे पत्र त्यांनी आधीच धाडले होते, पण नोकराच्या विसरभोळेपणामुळे ते वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच गाडीवाला गाडी हाकायला तयार होईना. मुलांना रात्रभर तहानलेले राहावे लागले.

लेखन शिकणाऱ्याने ही पुस्तिका शब्दाशब्दाने वाचावी. अर्थशास्त्राचे ग्रंथ लिहिणारी लेखणीच इथे आहे, पण तिची चाल निराळी. वाक्ये आखूड, शब्द रोजचे. विशेषणांची गर्दी नाही, संतापाचा उद्गार नाही. मुलांच्या अंगावर कोणते कपडे होते, डब्यात काय होते, स्टेशनमास्तरने काय विचारले, एवढेच सांगितले जाते. राग वाचकाला यावा याची व्यवस्था केलेली आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे कळावे म्हणून हे लिहिले गेले, आणि न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात ते विद्यार्थी होते तिथेच ते पुढे अभ्यासासाठी वापरले गेले. परळच्या खोलीत रात्री दोन वाजता इंग्रजी वाक्य घोटणाऱ्या मुलाने त्याच भाषेत इंग्रजी जाणणाऱ्या जगाला धडा दिला, तो असा.

माळरानावरचे महाविद्यालय

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. दुसऱ्या महाविद्यालयासाठी त्यांनी निवड केली ती औरंगाबादची. पुणे किंवा नागपूर येथे काम सोपे झाले असते. पण मराठवाड्याची गरज मोठी होती.

ती किती मोठी होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, यात शंका नाही. आपल्या शहरालाही त्याचा वाटा मिळाला. १९२३ मध्ये येथे इंटरमिजिएट कॉलेज निघाले. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक यांनी येथे राहून काम केले आणि त्यांच्या अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश औरंगाबादशीच निगडित आहे. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या मुलासाठी उर्दू ही शाळेची परकी भाषा होती आणि इंग्रजी त्याहून परकी. पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे किंवा संस्थानाबाहेर पुणे, मुंबई, नागपूर. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर उच्च शिक्षणात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. म्हणजे अडचण संपली नाही, तिचे नाव बदलले. पाच जिल्ह्यांतील जी मुले आता कुठे शिक्षणाच्या दाराशी आली होती, त्यांच्यासमोर पुन्हा एक परकी भाषा उभी राहिली. आणि दलित मुलाच्या बाबतीत तर घरात भाषा शिकवणारा रामजी सुभेदारही नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९ जून १९५० रोजी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले. बाबासाहेब त्या वेळी केंद्रीय कायदामंत्री होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. नाव ठेवले मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. वादात आपला पराभव झाला हे समजताच तो मान्य करण्याचा प्रामाणिकपणा राजाने दाखवला, म्हणून त्याचे नाव विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवले गेले. देणगीदाराचे किंवा नेत्याचे नाव देण्याच्या आपल्या रिवाजात हे नाव वेगळे उठून दिसते. प्रश्न नेमका विचारा, उत्तर दाखल्यानिशी द्या, पटले तर मान्य करा. निबंधलेखनाचा याहून चांगला नियम कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडणार?

बाबासाहेब येथे येऊन राहत, बांधकाम जातीने पाहत. महाविद्यालय सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले होते. वसतिगृहामुळे खेड्यातील मुलाला राहण्याची सोय झाली आणि ग्रंथालयामुळे रात्रीच्या वाचनाची. घरात नसलेला दिवा आणि घरात नसलेला शिक्षक, या दोन्हींची भरपाई संस्थेने करावी, असा हा विचार होता. पुढे याच परिसरात हायस्कूलही आले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या मागासलेपणाची चिंता स्पष्ट शब्दांत मांडली. शिक्षणात पुढे असलेल्या भागांशी एकत्र बांधल्यावर या प्रदेशाचे काय होईल, ही शंका त्यांच्या मनात होती. ती अनाठायी होती असे आजही ठामपणे म्हणता येत नाही.

अखेरच्या रात्रीचा मसुदा

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनी केलेल्या कामाचे वर्णन येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या भाषणात त्यांनी श्रेय वाटून दिले. बी. एन. राव यांचे नाव घेतले आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे विशेष कौतुक केले. गुंतागुंतीचे प्रस्ताव साध्या आणि स्पष्ट शब्दांत उतरवण्याच्या त्यांच्या हातोटीसाठी. अवघड विचार सोप्या वाक्यात मांडणे किती कठीण असते, हे ज्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते, त्याचेच ते कौतुक.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळत असताना ते ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ लिहीत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद आपल्या टेबलावर मागवून घेतले. पुन्हा एकदा नजर फिरवायची होती. ६ डिसेंबरच्या सकाळी ते गेलेले आढळले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला. वडिलांनी दिव्यापाशी बसवलेला विद्यार्थी अखेरच्या रात्रीपर्यंत आपली वाक्ये तपासत होता.

नागसेनवनातील बीज मात्र रुजले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात येथील विद्यार्थ्यांनी त्यांचे ‘युगयात्रा’ नाटक रंगमंचावर आणले. पुढे डॉ. म. ना. वानखेडे येथे प्राचार्य म्हणून आले. ते इंग्रजीचे अभ्यासक. अमेरिकेत शिकताना त्यांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य वाचले होते. ती ओळख त्यांनी इथल्या तरुणांना करून दिली. साठच्या दशकाच्या अखेरीस या परिसरातून ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ निघाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके सांभाळले आणि दलित साहित्याच्या कित्येक लेखकांना तेथे पहिली अक्षरे छापून मिळाली. हे लक्षात घेण्यासारखे आहे की इंग्रजीच्या खिडकीतून आलेल्या उजेडात या मुलांनी जे लिहिले, ते मराठीत लिहिले. चांगले लेखन शिकवले गेले तर ते एका भाषेपुरते राहत नाही.

१९५८ मध्ये मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. त्याला बाबासाहेबांचे नाव मिळायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले आणि त्या नामांतरासाठी माणसांना प्राण द्यावे लागले. आज शहरात इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गांची वाण नाही. काही आठवड्यांत फाडफाड इंग्रजीची हमी देणाऱ्या पाट्या चौकाचौकांत आहेत. पण मुलाने लिहिलेले पान समोर घेऊन त्यातील शब्द नेमका का नाही हे सांगणारा, ते पान परत देऊन पुन्हा लिहून आण म्हणणारा माणूस दुर्मीळ झाला आहे. वर्गात मुले शंभर असतात आणि तपासायला वेळ नसतो, ही अडचण खरीच. तरीही जूनमध्ये गुणपत्रिका घेऊन नागसेनवनाच्या रस्त्याने येणाऱ्या मुलाला बोलता येण्याइतकेच लिहिता येण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. अर्ज, तक्रार, प्रबंध, कायदा हे सारे शेवटी कागदावरच ठरते. ७५० पैकी २८२ गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याने हे ओळखले होते. म्हणून त्याने या माळरानावर महाविद्यालय बांधले.